डावीकडून, पुढून, खडखड

दसरा उलटला की नालासोपारा पश्चिमेपासून गास, निर्मळ, भुईगावपर्यंतच्या गॅरेजांत गाड्यांची रीघ लागते आणि बहुतेकांची तक्रार एकच असते : "मेस्त्री, पुढून खडखडतंय." ही खडखड काही दसऱ्याला जन्मलेली नसते. पावसाळाभर काचा वर असतात, पंखा फुल्ल असतो, टपावर पाऊस कोसळत असतो. तिचा आवाज त्यात बुडून जातो. मग ऊन पडतं, काचा खाली येतात आणि ती कानावर येते. निर्मळची कार्तिकी यात्रा तोंडावर आलेली असते, तिच्यामागून नाताळ. गाडीत पाहुणे बसणार आणि प्रत्येक जण विचारणार, "हे काय वाजतंय रे?" शरमेपोटी का होईना, माणूस गॅरेज गाठतो.

गास हे वाड्यांचं गाव. केळी, पानवेली, भाजी, विहिरी, मधूनमधून जुनी कौलारू घरं आणि त्यांना खेटून उठलेले नवे बंगले. वसईत जन्मलेले आणि १५९७ साली नागासाकीला क्रुसावर गेलेले संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाचं चर्च इथे आहे. पूर्वेला सोपारा, एके काळचं शूर्पारक बंदर. बंदर गाळानं भरलं, खाड्या मागे सरल्या, पण जमीन आजही सखलच आहे. पाणी फार खाली नाही आणि मिठाचा वारा फार लांब नाही. रस्ते मुळात बैलगाडीच्या बेताचे होते. आता त्यांवर थोडं डांबर, थोडं काँक्रीट, मध्येच पेव्हर ब्लॉक, गटारांची झाकणं रस्त्यापेक्षा दोन बोटं वर किंवा दोन बोटं खाली, आणि दर वस्तीचा आपापला गतिरोधक. गाडीच्या पुढच्या चाकांना याहून कसून तपासणारा रस्ता मुद्दाम बांधायचा म्हटला तर पैसे मोजावे लागतील. ही थट्टा नाही. गाड्यांच्या कंपन्या आपल्या चाचणीच्या मैदानांत ओबडधोबड दगडी फरसबंदीचे पट्टे खरोखरच बांधून घेतात.

ज्या गॅरेजात मी बसलो होतो, तिथल्या मेस्त्रींचं वय साठीच्या आसपास. पत्र्याची शेड, एक जॅक, दोन घोड्या, भिंतीवर पाने, आणि जमिनीत खणलेला कामाचा खड्डा. पावसाळ्यात हा खड्डा विहिरीसारखा भरतो. ऑक्टोबरातही तळाशी वीतभर पाणी होतं आणि त्यावर फळी टाकली होती. मेस्त्री मुंबईत टॅक्सीच्या फियाटवर काम शिकले. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली ती गाडी पुढे 'पद्मिनी' झाली आणि तिची शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर. "फियाटला आवाज शोधायला नाय लागायचा," मेस्त्री म्हणाले. "जॉईंटला निपल होते. ग्रीस गन मारायची. तरी वाजला तर मग पार्ट." आताच्या गाड्यांचे जोड बंद असतात. आत कंपनीनं भरलेलं ग्रीस, वर रबराचा बूट. बूट शाबूत तोवर सगळं शाबूत. तो फाटला की बाहेरून काही दिसत नाही, आणि ग्रीस गन टेकवायला जागाही उरलेली नाही.

त्या दुपारी एक छोटी हॅचबॅक आली. मालक गावातलेच, निवृत्तीला आलेले, गाडी जपणारे. डावीकडून पुढून खडखड येत होती. हायवेकडच्या एका मोठ्या वर्कशॉपात त्यांनी पुढचे दोन्ही शॉकअप बदलून घेतले होते. आवाज राहिला म्हणून दुसऱ्या फेरीत दोन्ही लिंक रॉड बदलले. आवाज तरीही राहिला. तिसऱ्यांदा गेले तेव्हा स्टिअरिंगची रॅक बदलावी लागेल असं सांगण्यात आलं आणि आकडा ऐकून ते परत फिरले. बिलांची घडी त्यांनी खिशातून काढली. मेस्त्रींनी ती उघडली नाही.

"आधी गाडी रिकामी करा, काका."

डिकीतला जॅक, पाना, स्टेपनीखालची पिशवी, दाराच्या कप्प्यातली चिल्लर, चष्म्याचं घर, सीटखाली गेलेली पाण्याची बाटली, सगळं बाकावर आलं. मग बॉनेट उघडून बॅटरीची पट्टी हलवून पाहिली, हॉर्नचं ब्रॅकेट, नंबर प्लेट, सायलेन्सरवरचा पत्रा, इंजिनाखालचं प्लॅस्टिकचं कव्हर. या कव्हरच्या क्लिपा इथे दर पावसाळ्यात तुटतात, कारण पाण्यातून गाडी दामटली की पाणी कव्हरला खालून उचलतं. सस्पेन्शनच्या नावावर खपणारे कितीतरी आवाज इथेच संपतात. हा संपला नाही.

मग ट्रायल. काकांनी चालवायची, मेस्त्री शेजारी, मी मागे. मेस्त्रींनी चप्पल काढली आणि उजवा पाय गाडीच्या तळपत्र्यावर सपाट टेकवला. कान फसवतो, असं त्यांचं म्हणणं. पत्र्यातून आवाज धावतो. उजव्या चाकाचा डाव्या डॅशबोर्डातून ऐकू येतो. तळव्याला मात्र धक्का कुठून आला ते बरंचसं कळतं. आधी काका नेहमीच्या सवयीनं चालवत होते आणि आवाज येत नव्हता. गॅरेजवाला शेजारी बसला की गाडी शहाण्यासारखी वागते, हा अनुभव सगळ्यांचाच. मेस्त्री म्हणाले, "पेव्हरवर घ्या. दुसरा गिअर नको, पयलाच. धा-बाराच्या स्पीडनं." आणि खडखड सुरू झाली.

दहाच्या वेगालाच का? कागदावर मांडून पाहण्यासारखी गोष्ट आहे. ताशी १० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे पावणेतीन मीटर. पेव्हर ब्लॉक साधारण २० सेंटिमीटर लांब धरला, तर चाकाखालून सेकंदाला चौदाएक सांधे जातात. मोटारीचं चाक, हब, ब्रेक आणि खालचा आर्म मिळून जो जड गोळा होतो, तो टायर आणि स्प्रिंग यांच्यामध्ये आपल्या स्वतःच्या लयीत नाचतो, आणि ती लय सेकंदाला दहा ते पंधरा हेलकाव्यांच्या घरात असते. म्हणजे खचलेल्या पेव्हरवरून दहाच्या वेगानं जाणं म्हणजे चाकाला नेमक्या त्याच्याच तालावर ठोके देणं. चाळीसच्या वेगाला ठोके चौपट होतात, चाकाला तेवढं पळता येत नाही, टायरच ते गिळून टाकतो आणि इंजिन-वाऱ्याचा आवाज उरलेलं झाकतो. म्हणून मोठ्या रस्त्यावर ट्रायल घेऊन "काही येत नाही, साहेब" असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्यानं प्रश्न चुकीच्या जागी विचारलेला असतो.

खडखड चालू असतानाच मेस्त्री म्हणाले, "आता ब्रेकवर पाय ठेवा. दाबू नका. नुसता ठेवा."

आवाज बंद.

"सोडा."

खडखड.

तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच. मग त्यांनी हँडब्रेक थोडा ओढायला लावला. तो मागच्या चाकांवर चालतो, आणि त्यानं काहीच फरक पडला नाही. गाडी अजून उघडलेली नव्हती, एक नट ढिला केलेला नव्हता, पण शॉकअप, लिंक रॉड, रॅक, सगळे सुटले होते. पायाच्या हलक्या दाबानं जे गप्प होतं ते ब्रेकमध्येच सैल असणार. शेडमध्ये डावं चाक काढलं. ब्रेक पॅड ज्या खाचेत बसतो तिथे त्याला ताणून धरणारी पातळ स्टीलची क्लिप असते. वरची होती, खालची नव्हती. कधीतरी पॅड बदलताना कुणाच्या तरी हातून ती पडली असेल किंवा "चालतंय" म्हणून बाजूला राहिली असेल. शिवाय कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यांतली एक कोरडी होऊन खाचेत हलत होती. मेस्त्रींनी पॅड बोटांत धरून हलवला : टक टक टक. काका बघत राहिले. हाच आवाज, फक्त हळू.

पुढची खडखड म्हणजे ब्रेकच, असं मात्र नाही. बहुतेक वेळा आरोपी लिंक रॉडच असतो, आणि वर्कशॉपनं त्याच्यावर संशय घेतला यात चूक नव्हती. तपासून न पाहता तो बदलला, एवढंच. खरं तर त्याची परीक्षा फुकटात होते. स्टॅबिलायझर बार हा डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा पोलादी दांडा; दोन्ही चाकं एकदम वर गेली तर तो नुसता फिरतो, एक चाक वर आणि दुसरं खाली असेल तेव्हाच पिळतो. लिंक रॉड त्याचं टोक चाकाच्या बाजूला बांधून ठेवतो. म्हणून गतिरोधकावर गाडी एकदा अगदी सरळ घ्यावी, दोन्ही चाकं एकाच वेळी चढतील अशी. मग तोच गतिरोधक तिरका घ्यावा, आधी एक चाक, मग दुसरं. सरळ घेताना गप्प आणि तिरकं घेताना खडखड असेल, तर लिंक रॉड किंवा बारचे बूश धरावेत. दोन्ही वेळा एकच भारी 'ठक्' येत असेल, तर शॉकअपचं वरचं माउंट, जम्पिंग रबर किंवा लोअर आर्मचे बूश पाहावेत. आवाज नुसता कुंईकुंई असेल तर रबर कोरडं पडलंय. स्टिअरिंग पूर्ण कापून वळताना कटकट येत असेल, तर तो सस्पेन्शनचा विषयच नाही, ॲक्सलचा बाहेरचा जॉईंट आहे. वेगाबरोबर चढत जाणारी घरघर व्हील बेअरिंगची.

खड्ड्यात उतरून पाहायची परीक्षा वेगळी, आणि इथे त्या पाणी भरणाऱ्या खड्ड्याचं मोल कळतं. मोठ्या वर्कशॉपातली दोन खांबांची लिफ्ट गाडीला पोटाखालून उचलते आणि चाकं लोंबकळतात. जोडांवरचं वजनच निघून जातं, ताण वेगळ्याच दिशेनं बसतो, आणि रस्त्यावर वाजणारी फट तिथे गप्प बसते. एकच चाक जॅकवर घेतलं तर बार पिळून लिंक रॉड ताठ होतो, मग तो सैल असूनही हलत नाही. गाडी आपल्या पायांवर उभी हवी आणि माणूस खाली हवा. वर कुणीतरी स्टिअरिंग दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे हलवतो. खालचा माणूस टाय रॉड एंड, रॅक एंड, लोअर आर्म असं एकेक जोड मुठीत धरून पाहतो. सैल जोड मुठीत टिचकी मारतो. ही टिचकी मेस्त्रींनी मला दुसऱ्या एका गाडीवर धरायला लावली. आधी काहीच कळलं नाही. मग कळलं, आणि त्यानंतर ती न कळणं अशक्य झालं.

जॅकवर चाक घ्यायचं ते वेगळ्या कारणासाठी. चाकाला डावी-उजवीकडून धरून हलवलं आणि खेळलं तर स्टिअरिंगचे जोड. वर-खालून धरून हलवलं आणि खेळलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉईंट. मग ब्रेक दाबून धरायला सांगायचं : खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉईंट. इथे मात्र मेस्त्रींचा सूर बदलतो. लिंक रॉड तुटला तर गाडी वळणावर जास्त कलेल, आवाज करील, घरी पोचवील. खालचा बॉल जॉईंट निसटला तर चाक आडवं पडतं आणि गाडी तिथेच जमिनीवर बसते, मग वेग काय असेल तो असो. खडखड हा शब्द दोन्हींना एकच आहे, हीच अडचण. "वाजतंय तर वाजू दे" असं म्हणण्याआधी निदान एवढी एक परीक्षा करून घ्यायला हवी.

या सगळ्या रचनेला एक माणूस जबाबदार आहे. अर्ल मॅकफर्सन हे अमेरिकी अभियंते, जनरल मोटर्समधून फोर्डमध्ये गेलेले. वर-खाली दोन आर्म देण्याऐवजी खाली एकच आर्म आणि वर शॉकअपलाच खांब करायचा, ही त्यांची युक्ती १९५० च्या फोर्ड कॉन्सलमध्ये लोकांपुढे आली. जागा वाचली, भाग कमी झाले. आपल्याकडे ही युक्ती घराघरांत नेली ती १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० नं. तिच्यात तर स्टॅबिलायझर बारच लोअर आर्मला पुढून धरून ठेवायचा. लिंक रॉड हा प्रकारच नव्हता, होतं ते बारच्या टोकाचं रबरी बूश. चार आण्यांची वस्तू म्हणा, पण ती झिजली की गाडी वाजायची आणि ब्रेक लावताना बाजूला ओढायची. त्या काळातले मेस्त्री पुढचा आवाज आला की आधी ते बूश पाहायचे आणि बहुधा बरोबर ठरायचे. गाड्या बदलल्या, सवय राहिली. फक्त बूशाच्या जागी आता लिंक रॉड आला आणि ग्राहकाच्या तोंडी शॉकअप.

शॉकअपवर तर सगळ्यांचाच राग. धक्का झेलते ती स्प्रिंग. शॉकअपचं काम त्यानंतर स्प्रिंगचं नाचणं थांबवण्याचं. तो गेला की गाडी झुलते, डुलते, तेल गळतं. नुसता खडखडतो क्वचित. गाडीचा पुढचा कोपरा दाबून सोडावा, एका उसळीत शांत झाली तर शॉकअपला फार नावं ठेवू नयेत. जाता जाता एक गंमत. भारतात शॉकअप म्हटलं की जुन्या मेस्त्रींच्या तोंडी येणारं नाव गॅब्रिएल; १९६१ साली मुलुंडला त्यांचा कारखाना निघाला. मूळ अमेरिकी कंपनीचे क्लॉड फॉस्टर यांनी आधी बनवला होता मोटारीचा हॉर्न, आणि तुतारी फुंकणाऱ्या देवदूताचं नाव त्याला दिलं होतं. गासमध्ये गॅब्रिएल नावाचा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. आवाज करण्यासाठी ठेवलेलं नाव पुढे धक्के गप्प करणाऱ्या वस्तूला चिकटलं, हे त्यांना सांगून पाहायला हवं.

आता पाण्याचं. २०१८ च्या जुलैत नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढलं आणि वसई रोड ते विरार लोकल बंद पडल्या, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. तेवढं मोठं नसलं तरी सखल रस्त्यांवर पाणी दर वर्षी साठतं आणि गाड्या त्यातून जातातच, कारण दुसरा रस्ता नाही. त्या दिवशी काहीच होत नाही. रबरी बूटाला केसाएवढी चीर असेल तर पाणी आत जातं, सोबत बारीक गाळ नेतं, ग्रीसचा लगदा होतो. त्यानंतर खारा वारा आहेच. गोळा आणि वाटी यांच्यामध्ये गंज धरतो, तो घासून जातो, फट पडते. ऑक्टोबरात वाजू लागलेल्या जोडाचं कारण म्हणूनच जुलैत शोधावं लागतं, आणि मालकाला ते पटत नाही. तो सांगतो, "परवापर्यंत ठीक होती." परवा तो ज्या खड्ड्यात आपटला तो त्याला दिसलेला असतो, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी एक चूक माणसांनी केलेली असते. लोअर आर्मचे नवे बूश टाकताना गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळती, आणि तसेच बोल्ट आवळले जातात. गाडी खाली आली की आर्म वर उचलला जातो आणि रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं. मग सहा महिन्यांत ते फाटतं आणि दोष 'डुप्लिकेट माला'वर जातो. वजन चाकांवर आल्यानंतर शेवटचा आवळा द्यायचा, हे पुस्तकात लिहिलेलं असतं. घाईत पुस्तक कोण पाहतो?

भाजीचे, दुधाचे, डेकोरेशनचे टेम्पो ही वेगळी जात. २००५ साली आलेल्या टाटा एसला, म्हणजे आपल्या छोट्या हत्तीला, पुढेही सरळ ॲक्सल आणि पाटे आहेत. तो भरलेला असताना शांत आणि रिकामा परतताना वाजतो, कारण वजनानं पाटे आणि शॅकल दाबून धरलेले असतात. मालक सांगतो, "माल टाकला की बरा चालतो." ती तक्रार नव्हे, तो अर्धा निकाल असतो : शॅकल बूश, पाट्याची क्लिप, नाहीतर यू-बोल्ट. रिक्षाचं त्याहून सोपं, पुढे एकच चाक. पण रिक्षात हुडाच्या नळ्यांपासून मीटरपर्यंत सगळंच वाजत असल्यामुळे कुणी आवाजाची तक्रार घेऊन येतच नाही.

रस्त्यांबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय सुटत नाही, पण थोडक्यात. मुंबई उच्च न्यायालयात खड्ड्यांचा खटला २०१३ पासून चालू आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात न्यायालयानं खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली. माणसाच्या हाडांचा हिशेब कुठेतरी लागला, हे चांगलंच झालं. गाडीच्या सांध्यांचा खर्च मात्र ज्याचा त्यानं.

आणि तो खर्च नको तिथे का होतो, याचं उत्तर त्या दुपारी बिलाच्या वेळी मिळालं. मेस्त्रींनी शेजारच्या दुकानातून क्लिपांचा सेट मागवला, पिन साफ करून ब्रेकचं खास ग्रीस लावलं, उजवं चाकही उघडून तेच केलं. पेव्हरवर परत ट्रायल : गप्प. दीड-दोन तास गेले होते. त्यांनी पाचशे रुपये सांगितले आणि क्लिपांचे वेगळे.

काकांचा चेहरा पडला. "काही बदललंच नाही तर पाचशे कसले?"

हे काका कंजूष नव्हेत. याच माणसानं दोन शॉकअप आणि दोन लिंक रॉडचे हजारो रुपये मुकाट मोजले होते, कारण हातात खोका दिसला होता, बिलावर पार्ट नंबर होता. खोक्याचे पैसे द्यायला आपण तयार असतो. कुणीतरी शेजारी बसून, चप्पल काढून, पाय टेकवून ऐकलं त्याचे नाही. मग गॅरेजवाला तरी ऐकत कशाला बसेल? पार्ट टाकला की मार्जिन सुटतं, ट्रायलला पेट्रोल आणि वेळ जातो. मोठ्या वर्कशॉपात तर तक्रार ऐकणारा काउंटरवर, गाडी चालवणारा दुसरा, पाना धरणारा तिसरा, आणि 'पुढून आवाज' एवढे दोन शब्द कागदावरून प्रवास करतात. त्या दोन शब्दांवर जगातला कुणीही मेस्त्री शॉकअपच बदलेल. मला विचाराल तर ग्राहकानं स्वतःच लिहून न्यावं : किती वेगाला, कुठल्या रस्त्यावर, ब्रेक लावल्यावर काय होतं, वळताना काय होतं, गाडी भरलेली असताना काय होतं. आणि बदललेला जुना पार्ट मागून घ्यावा. काकांचे जुने लिंक रॉड वर्कशॉपातच राहिले होते; ते चांगले होते की वाईट, आता ठरवता येणार नाही.

मेस्त्री हात पुसत शांतपणे म्हणाले, "काका, क्लिपचे द्या. बाकीचं ते वर्कशॉपवाल्यानं रॅकचं किती सांगितलं होतं, त्यातून वजा करून काय उरतं ते बघा."

काकांनी पाचशे दिले. वर विचारलंही, "मागून पण थोडं वाजतं हो, ते बघता का?"

"उद्या आणा," मेस्त्री म्हणाले. "आणि डिकी रिकामी करून आणा."